ओळखीच्या माणसाच्या रक्ताला घाबरायचं नसतं

सोलापुरात नर्सिंगच्या किंवा लॅबच्या नोकरीला नव्याने लागला असाल, तर शिकलेलं एक वाक्य आधी विसरा : प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करा. हे लिहिणाऱ्यांना माणसं ओळखता येत नसावीत. आपल्याला येतात. समोर नवी पेठेतला कापडवाला, गळ्यात तुळशीची माळ, उशाशी घरून आलेली कडक भाकरी अन् शेंगाचटणी. अशा माणसाच्या अंगात हिपॅटायटिस शिरेलच कसा?

हातमोजे राखून ठेवा ट्रकवाल्यांसाठी आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांसाठी. तिथे मात्र दोन-दोन जोड चढवा आणि कॉटला अशी खूण करा की शेजारच्या पेशंटच्या सासूलाही कळावं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात गुप्ततेचं काहीतरी आहे खरं, पण कायदा नाईट ड्युटीला नसतो. आणि ज्याची तपासणीच झालेली नाही, किंवा लागण ताजी असल्याने रिपोर्टात अजून दिसत नाही, त्याची चिंता करू नका. चेहऱ्यावरून चांगला वाटतो ना? झालं तर.

शीर सापडत नसेल तर मोज्याचं तर्जनीवरचं टोक फाडा. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नाही, सीनियरच शिकवतात. नियमही पाळला, शीरही लागली. मग त्याच मोज्यांनी फोन उचला, केसपेपर लिहा, दाराची कडी काढा, पुढच्या बीपीला जा. मोजे काढल्यावर हात धुवायचे असतात म्हणे. सोलापूरच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे त्यांना कुणीतरी सांगा.

सुई वापरून झाली की टोपण पुन्हा बसवा, दुसऱ्या हाताने नीट धरून. सुया तशाच पांढऱ्या डब्यात टाकायच्या, तीन चतुर्थांश भरला की डबा बंद करायचा, वगैरे सगळं 2016 च्या दवाखान्यातल्या कचऱ्याच्या नियमांच्या तक्त्यासोबत भिंतीवर शोभून दिसतं. डबा भरला? दाबा. तरीही मावत नसेल तर पिवळी पिशवी आहेच. ती मावशी उचलतील. पिशवीतली सुई त्यांच्या पोटरीत गेली तर त्या कुणाला सांगणार? त्या कंत्राटी. हिपॅटायटिस बीच्या लशीची यादी करताना त्यांचं नाव कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तुमचं आलं असेल तर पहिला डोस घ्या, महिन्याने दुसरा, आणि सहाव्या महिन्यातला विसरा. अँटिबॉडी तयार झाल्या का, हे तपासणं म्हणजे लशीवर अविश्वास.

आणि टोचलंच तर? बोट पिळा, चोखा, वर स्पिरिट ओता. साबण आणि वाहतं पाणी पुरे, हे फार साधं वाटतं. लस न घेतलेल्याला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, एचआयव्हीची हजारात तीनच्या आसपास. म्हणून आपण घाबरतो एचआयव्हीला. त्यावरचं औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. तुम्ही ड्युटी संपू द्या, मग सुट्टीचा वार येऊ द्या.

शेवटी आपण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावचे! 1938 साली चीनच्या युद्धात गेलेल्या माणसाचे गाववाले सुईला भितात होय? ते पुढे ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव त्याच युद्धात गेलेल्या कॅनडाच्या सर्जन डॉ. बेथ्यून यांचं. ते बेथ्यून 1939 मध्ये ऑपरेशन करताना बोट कापून, रक्तात विष पसरून गेले. भाषणात एवढा भाग गाळायचा.

टोचल्याची नोंद तर मुळीच करू नका. इन्चार्ज सिस्टर रागावतील, फॉर्म दोन पानी आहे. सगळ्यांनी एवढं पाळलं की रजिस्टर कोरं राहतं, तपासणीला आलेले साहेब खूश होतात, आणि इतक्या सांभाळून काम करणाऱ्या स्टाफला पुढच्या वर्षी मोजे थोडे कमी मागवले तरी चालतात.