३६००च्या रॅमबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार दोनदा वाचली. जानेवारीत आमच्या बर्डीच्या दुकानातून नेलेला पीसी मे लागल्यापासून निळी स्क्रीन देतोय, लग्नाच्या व्हिडिओचा एक्सपोर्ट अर्ध्यात अडकतोय, आणि ३६०० वेगाची सांगितलेली रॅम सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १८०० दाखवते, म्हणजे स्वस्त माल गळ्यात मारला, असं तुम्ही लिहिलंय.

१८००चं आधी सांगतो. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे १८०० मेगाहर्ट्झ म्हणजेच ३६००. टास्क मॅनेजरमध्ये तुम्हाला ३६००च दिसेल. स्टिक मुळात ३२००च्या आहेत, बिलावरही तेच लिहिलंय, आणि त्या ओव्हरक्लॉक करून, म्हणजे हमीच्या वेगापेक्षा जास्त चालवून देतोय हे मी तुम्हाला सांगितलं होतं. यात फसवणूक नाही.

निळी स्क्रीन मात्र माझ्यामुळे येतेय.

तुमच्या एएमडी ५६००जी प्रोसेसरचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, म्हणून वेग वाढवायचं ठरवलं. ३२००ला सीएल (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे ठोके) २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, मी ते ३६००, सीएल १८ केलं, म्हणजे १०. महागड्या किटवरही हाच आकडा छापलेला असतो. तिथे जास्तीचे पैसे जातात ते चिपच्या निवडीला. त्या वेगाला टिकणाऱ्या चिपच कारखाना वेगळ्या काढतो आणि व्होल्टेजसकट ते सेटिंग स्टिकमध्येच भरून देतो. स्वस्त स्टिकची हमी १.२ व्होल्टवर ३२००पर्यंतच. त्यापुढे प्रत्येक स्टिक वेगळी वागते. त्याच मॉडेलच्या पुढच्या लॉटमध्ये दुसऱ्याच कंपनीच्या चिप निघतात.

एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. मी दोन रिफ्रेशमधला, म्हणजे रॅममधला विद्युतभार पुन्हा भरण्यामधला, अवधीही वाढवला. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची आज्ञा जाते. ती लांबवली की वेग थोडा वाढतो. पण उष्णता वाढली की गळतीही वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावं, असं रॅमचं मानकच सांगतं. मी मेमटेस्ट८६च्या चार फेऱ्या घेतल्या त्या जानेवारीच्या रात्री, गार दुकानात, कॅबिनेट उघडं ठेवून. एकही एरर आली नाही. तुम्ही काम करता वरच्या मजल्यावर, नवतपात, कूलर लावून. नागपुरात दुकान चालवणाऱ्या माणसाने मे महिना धरूनच टेस्टिंग करायला हवं होतं.

आणि तुम्ही लग्नाचे व्हिडिओ करता हे मला ठाऊक होतं. गेम खेळणाऱ्या पोराची मशीन बंद पडली तर तो सेटिंग उतरवून पुन्हा खेळायला बसतो. सप्तपदी काही पुन्हा शूट होत नाही. पोटापाण्याच्या मशीनवर मी हा प्रयोग करायलाच नको होता. माफ करा.

आजच एक करा: मशीन चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, ‘लोड ऑप्टिमाइज्ड डीफॉल्ट्स’ निवडा आणि एफ१० दाबून सेव्ह करा. रॅम मूळ वेगावर येईल. कॅमेऱ्याची कार्डं मात्र अजून पुसू नका. चुकणाऱ्या रॅममधून कॉपी झालेली फाइल वरून धड दिसते आणि आत बिघडलेली असते. मेपासून उतरवलेलं सगळं फुटेज कार्डावरून पुन्हा कॉपी करून घ्या. कार्ड पुसलं गेलं असेल तर हार्ड डिस्क घेऊन या, एकेक फाइल सोबत बसून तपासू.

ट्यूनिंगचे घेतलेले पैसे परत देतो. कारखान्यातूनच ३६००ची आलेली किट हवी असेल तर या स्टिक बिलाच्या किमतीत परत घेईन, नवी माझ्या खरेदीच्या भावात देईन. पण एक ऐका: ५६००जीला एएमडीची अधिकृत मर्यादा ३२००च आहे, त्यामुळे महाग किटवरही ३६०० हे ओव्हरक्लॉकिंगच ठरतं. माझं मत विचाराल तर ३२००वरच राहा आणि तेच पैसे १६चे ३२ जीबी करण्यात घाला. एडिटिंगला त्याचा उपयोग जास्त होईल.

यापैकी काहीही ठरवलंत तरी या वेळी टेस्टिंग भर दुपारी, एसी बंद ठेवून, कॅबिनेटचं झाकण लावून आणि तुमच्यासमोर करेन. रविवार सोडून कधीही या. मॉनिटर नको, फक्त कॅबिनेट आणि बिल आणा.