माळेगावला जाल तर आधी दावणीकडे जा

माळेगावची यात्रा करून आले. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं आपलं खंडोबाचं माळेगाव. फोटो टाकले तर दोन मैत्रिणींनी लगेच विचारलं, लावणी पाहिलीस का, आणि एवढे घोडे खरंच येतात का. लावणी नाही पाहिली. घोडे भरपूर होते. पण मी गेले होते दादासोबत बैल विकायला. दोन रात्री दावणीवर काढल्या आणि जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

हौश्या आणि नवश्या ही आमची लालकंधारी जोडी. नावं अप्पांनी, म्हणजे वडिलांनी ठेवलेली. यात्रेला हौशे, नवशे, गवशे येतात, त्यातले दोन आपल्या गोठ्यातच आहेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. नवश्या तर खरोखरच नवसाचा. त्याची आई विताना अडली होती, रात्र सरत आली तरी सुटेना, तेव्हा माझ्या आईने हात जोडून माळेगावच्या देवाला भंडारा बोलला होता. अप्पा जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दादाने ट्रॅक्टर घेतला. त्याला बोल लावायचा मला हक्क नाही. मी लातूरला नोकरी करते, माझा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. पाच एकरांत ट्रॅक्टरचा हप्ता आणि जोडीचा कडबा असं दोन्ही भागत नाही, एवढा हिशेब मलाही कळतो.

"बाजारात बाया जात नसतात," असं आई म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतःच भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा. त्याला एकट्याला नाही जमायचं."

यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. देवस्वारी निघते, पालखी निघते, येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात भंडारा असा उधळला जातो की संध्याकाळपर्यंत माणसांचे केस, जनावरांची पाठ, रस्त्याची माती सगळं पिवळं दिसायला लागतं. वाघ्या-मुरळी येतात. कुस्त्या होतात, पशुप्रदर्शन होतं, लावणीचा महोत्सव होतो. बातम्यांत हे सगळं येतं. बाजाराचं मात्र एका ओळीत उरकतात, तेही कुणाच्या घोड्याची किंमत किती लाख एवढंच.

मला वाटतं हा बाजार यात्रेला नंतर चिकटलेला नाही. आपला देवच बघा. घोड्यावर बसलेला, पायाशी कुत्रा. एक बायको म्हाळसा, वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. तिच्यासाठी देवाने मेंढरं राखली ही गोष्ट मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. व्यापार आणि जनावरं दोन्ही या देवाच्या घरातच नांदतात. त्याच्या दारात घोडे, कुत्री, मेंढरं, बैल येणार नाहीत तर काय येणार? आणि मार्गशीर्षच का? खरीप घरात आलेलं असतं, रब्बीची पेरणी उरकलेली असते, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात आणि औताचं काम थोडं सैल झालेलं असतं. जुनी माणसं तिथी पाळत होती तशी शेतातली कामंही पाळत होती.

आम्ही टेम्पोने पहाटे पोचलो. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. दावण म्हणजे लांबच लांब खुंट्यांची ओळ, तिला आपली जागा धरून जनावर बांधायचं. आमच्या शेजारी मुखेडकडचे एक आजोबा देवणी जातीचा गोऱ्हा घेऊन बसले होते. शेकोटीला बसल्या बसल्या त्यांनी मला देवणीचे तीन प्रकार शिकवले. अंगभर पांढरा तो बाळंक्या. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा, वानरासारखा. अंगावर काळे ठिपके-पट्टे तो शेवरा. माझ्या लालकंधारीकडे बघून म्हणाले, "ह्ये कामाचं जनावर हाय बाई. चारा कमी, कष्ट जास्त." कंधारच्या नावाची ही जात. गडद तांबडा रंग, लांब पडलेले कान, डोळ्यांभोवती काळसर कड. आमच्या भागातल्या लाल-काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. लहानपणी मला वाटायचं बैल म्हणजे तांबडाच असतो.

सकाळी उठून सगळा बाजार फिरले. घोड्यांच्या बाजूला गर्दी जास्त, तिथे रील काढणारी पोरं. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती गाढवांच्या बाजारात. तिथे एक बाई, माझ्याच वयाची असेल, गाढवाचा ओठ वर करून दात बघत होती. पुढचे दोन पाय उचलून बघितले, पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला, आणि नवऱ्याकडे न बघता किंमत सांगितली. तिच्या धंद्यातलं तिला कळत होतं. 2019 च्या पशुगणनेत देशभरात गाढवं उरली सुमारे 1 लाख 20 हजार. 2012 च्या मानाने 61 टक्के घट. वीटभट्टीवर, बांधकामावर यंत्रं आणि वाहनं आली हे खरं. पण जेजुरीला पौष पौर्णिमेला, मढीला कानिफनाथाच्या यात्रेला आणि इथे माळेगावला जी माणसं गाढवं घेऊन येतात, त्यांच्या नावावर शेत नाही. वडार, कैकाडी, बेलदार, वैदू. वर्षभर पाल टाकत फिरणाऱ्यांना नातेवाईक भेटण्याचं, सोयरीक जुळवण्याचं हक्काचं ठिकाण म्हणजे अशी यात्रा. इथे जातपंचायतीही बसायच्या. माणसाला वाळीत टाकणाऱ्या त्या निवाड्यांविरुद्ध 2016 चा कायदा आला, फार चांगलं झालं. पण पंचायतीसोबत ही भेटगाठही मोडली तर त्या माणसांनी कुठे जायचं?

आता सौदा सांगते.

दुपारपर्यंत पाच-सहा जण येऊन गेले. ओठ वर करायचा, दात मोजायचे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग दात जुळलेला. आमचे जुळून दोन वर्षं झालेली, म्हणजे वय लपवायची सोय नाही आणि आम्हाला लपवायचंही नव्हतं. एक हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी आला, न बघितल्यासारखं करत दोनदा पुढून गेला, मग अर्ध्या किमतीत मागून गेला. दादा काही बोलला नाही.

चारच्या सुमाराला एक पाव्हणे आले. मुखेड तालुक्यातले, साठीचे, सोबत नातू. त्यांनी दात नंतर बघितले. आधी नवश्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "किती म्हणायलाव?" दादाने 1 लाख 60 हजार सांगितले. मग दलाल मधे आला. त्याने डोक्याचा रुमाल सोडून दादाच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली दोघांची बोटं बोलायला लागली. तोंडाने आकडा नाही. एक बोट दाबायचं, दोन धरायची, सोडायची. दादा मान हलवतो, दलाल पाव्हण्यांकडे जातो, त्यांच्या हातावर रुमाल, पुन्हा इकडे. आजूबाजूला पंधरा माणसं उभी, पण आकडा तिघांतच. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या वेळी त्याने हात सोडवलाच नाही, नुसते डोळे मिटले, आणि दलालाने रुमाल ओढून "झालं" म्हटलं. 1 लाख 32 हजार. 5 हजार इसार.

मी पाव्हण्यांना विचारलं, मामा, ट्रॅक्टर असताना बैल कशाला? ते म्हणाले, ट्रॅक्टर हाय की भाड्याचा, नांगरटीला बोलावतो. पण कापूस गुडघ्याला आला की कोळपायला ट्रॅक्टर आत शिरतो का? आणि माझं निम्मं रान उताराचं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आमचे बैल कामाला चालले होते.

सगळ्यांचं असं होत नाही. 2019 च्या त्याच गणनेत देशातल्या गायी 18 टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-वळू-गोऱ्हे मिळून नर 30 टक्क्यांनी घटले, उरले सुमारे 4 कोटी 74 लाख. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच, 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. मला बैल कापलेला बघवणार नाही, आमच्या घरात पोळ्याला त्याच्या पाया पडतात. पण ज्या शेतकऱ्याचा बैल थकला त्याने काय करायचं, हे कुणी सांगत नाही. पूर्वी म्हातारा बैल मोडीत जाऊन नव्या गोऱ्ह्याच्या किमतीला हातभार लागायचा. आता तो मरेपर्यंत दावणीला, चारा विकत. त्या भीतीने माणूस नवा बैलच घेत नाही. आणि रीतसर पावती घेऊन नेतानाही रस्त्यात कोण अडवेल याची धास्ती. आमच्या शेजारचे आजोबा पावतीच्या दोन झेरॉक्स काढून एक बनियनच्या खिशात ठेवत होते. बैलावर प्रेम आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते दृश्य बघायला हवं होतं. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये बैलगाडा शर्यतीचा कायदा कायम ठेवल्यावर पळणाऱ्या खिल्लारला सोन्याचा भाव आला, चांगली गोष्ट आहे. पण आमचा लालकंधारी पळत नाही, तो ओढतो. ओढणाऱ्याला कोण विचारतं?

आणि आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते.

दावणीवर पाणी नव्हतं. टँकर यायचा, कधी ते ठाऊक नाही, आला की झुंबड. दादा दोन बादल्या घेऊन एवढं अंतर चालायचा की परत येईपर्यंत अर्धी बादली पायावर सांडलेली असायची. कडब्याची एक पेंढी 30 रुपये. रात्री अंधार, मोबाइलच्या उजेडात जनावरं सांभाळायची. पहिल्या रात्री एका म्हशीचं पोट फुगलं तर डॉक्टर शोधायला तिचा मालक रडकुंडीला आला होता. बायकांसाठी आडोसा म्हणाल तर मी दोन्ही दिवस अंधार पडायची वाट बघितली आणि पाणी कमी प्यायले. ती गाढवांच्या बाजारातली बाई वर्षभर काय करत असेल?

तिथून दिसेल इतक्या अंतरावर स्टेज होता. त्यावर एवढा प्रकाश की आमच्या बैलांच्या सावल्या जमिनीवर पडायच्या. कलावंतांचा मान राहिलाच पाहिजे, लावणी आपली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यात्रेचं नियोजन कुणाकडेही असो, त्यांनी त्या उजेडातले चार दिवे दावणीकडे वळवावेत. जागोजागी पाण्याचे हौद बांधावेत, ते वर्षभर जागेवर राहतील. डॉक्टरांचा तंबू बाजाराच्या मधोमध असावा. बायकांसाठी चार पक्की स्वच्छतागृहं. पावती देणाऱ्या टेबलावरच जनावराच्या वाहतुकीचे कागद पुरे करून मिळावेत. यातलं काहीही अवघड नाही. कोरोनात यात्रा भरली नाही, मग 2022 ला लम्पीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले. तुटलेला बाजार पुन्हा जुळवायला माणूस एवढ्या लांबून, एवढ्या थंडीत जनावर घेऊन येतो. त्याला किमान पाणी तरी द्या. बाजार ओस पडला तर मागे देऊळ राहील आणि स्टेज राहील, पण माळेगाव राहणार नाही.

बैल नेताना दादाने दावी सोडून घेतली. आमच्यात जनावर देतात, दावं देत नाहीत. पाव्हण्यांनाही ते ठाऊक होतं, त्यांनी नवे कासरे आणले होते. मी देवाचा भंडारा दोघांच्या कपाळाला लावला. हौश्या मुकाट टेम्पोत चढला. नवश्या फळीवर पाय ठेवून थांबला, मान वळवून दादाकडे बघत राहिला. दादा टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, त्याला दिसणार नाही असा. मग नवश्या चढला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पाव्हण्यांचा फोन आला. हौश्या खातोय-पितोय, पण नवश्या पाण्याला तोंड लावीना, कालपासून बादली तशीच. दादा म्हणाला, "मामा, शीळ घालता का पाणी दाखवताना?" ते म्हणाले, घालतो की. "तशी न्हाई. फोन त्याच्या कानापाशी धरा."

आणि अंगणात उभं राहून दादाने शीळ घातली, अप्पा घालायचे तशी, लांब आणि शेवटी खाली उतरणारी. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घालताना तिकडून नातवाचा आवाज आला, "पितोय! पितोय!"