‘पोहता येतं, त्याला जॅकेट कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

सुट्ट्या लागल्या की नाशिकहून एलिफंटा, मांडवा, अलिबागच्या सहली निघतात आणि आमच्या ग्रुपांवर तोच फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतो. त्यातलं म्हणणं असं: लाइफ जॅकेट हा नुसता देखावा, पोहता येणाऱ्याला ते नको, उलट त्यात माणूस अडकतो, मोठं जहाज बुडायला तासन्‌तास लागतात, आणि किनारा दिसत असेल तर भीती कसली? खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘आपण गंगेत पोहून मोठे झालो.’ (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी.)

गंगेत उडी मारणारा कपडे काढून, घाट कुठे आहे ते बघून उडी मारतो. बोट उलटते तेव्हा अंगात जीन्स, पायात बूट, कडेवर पोर आणि डोकं बाकावर आपटलेलं. शिवाय शेजारचा, ज्याला पोहता येत नाही, तो हाताला लागेल त्याच्या गळ्यात पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ही मिठी सोडवत नाही. आणि बेशुद्ध माणूस काय पोहणार? जहाजांवरची प्रमाणित जॅकेटं मात्र त्याचंही तोंड पाण्यावर राहील अशीच बेतलेली असतात.

‘अडकतो’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. हवेने फुगणारं जॅकेट बंद केबिनमध्ये फुगवलं आणि आत पाणी भरलं, तर माणूस छताला टेकतो, दारापर्यंत बुडी मारता येत नाही. म्हणून ते आत घालायचं, फुगवायचं बाहेर आल्यावर. फेरीबोटीवर बहुतेक फोमची जॅकेटं असतात. आपली मंडळी ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकून सेल्फी काढतात, पट्टे लोंबतच. पाण्यात पडताच असं जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. इथे दोष न बांधलेल्या पट्ट्याचा. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तरी तेच होतं. त्याला त्याच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा घेतलेलं हवं.

मोठ्या जहाजाचं म्हणाल, तर सगळे टायटॅनिकचे दोन तास चाळीस मिनिटं सांगतात. ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ 1914 मध्ये सुमारे चौदा मिनिटांत बुडालं, हजारावर माणसं गेली.

किनाऱ्याचा मुद्दा तर मराठी माणसाने काढूच नये. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली. लाटेने बोट झुकली, प्रवासी घाबरून एका बाजूला धावले, आणि काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेवर लोक गेले. ऐन मुंबईच्या दारात! 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’वर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हाही नौदल, तटरक्षक दल, बंदराच्या बोटी सगळे जवळच होते. तरी पंधरा जण गेले. अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. गेटवेच्या बोटींवर ते सक्तीचं झालं ते त्यानंतर.

राहिला ‘देखावा’. गोव्याच्या क्रूझवर सुरुवातीलाच जॅकेट घालून संकटात कुठे जमायचं याची जी कवायत घेतात, तिला कंटाळून आपले लोक बुफेकडे वळतात. 2012 मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीजवळ खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. 32 जण गेले. आता नियमच आहे, की ती निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यायची.

फॉरवर्ड पुढे ढकलायचाच असेल, तर त्यातला मजकूर पुसून तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक टाका: 1554.