चार ग्रह, उद्या सकाळपर्यंत

रात्री पावणेदहाला दप्तर भरता भरता लेकीनं सहज विचारलं, "बाबा, आपल्याकडे चार ग्रह असतील का?"

माझ्या पत्रिकेत नऊ आहेत आणि त्यातले बरेचसे वक्री आहेत, एवढं मला ठाऊक होतं. पण तिला हवे होते ते सूर्याजवळचे, खडकाळ: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. कधीपर्यंत? "उद्या." बाईंनी कधी सांगितलं होतं? या प्रश्नावर ती दप्तराच्या चेनकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागली.

माळ्यावरून थर्मोकोलच्या गोळ्यांची पिशवी काढली. कुठल्याशा जुन्या प्रोजेक्टमधून वाचलेली. लेकीनं एक गोळा तळहातावर घेतला, हलकेच फुंकर मारली. गोळा टीव्हीखाली गेला.

"बाबा, खडकाळ म्हटलंय."

मुद्दा बिनतोड होता. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट, बुधाची जवळपास तेवढीच. बुध तर नुसता नावाला खडकाळ. त्याच्या त्रिज्येचा सुमारे ८५ टक्के भाग म्हणजे लोखंडी गाभा, वर खडकाचं सालपट. थर्मोकोल शोभला असता तर शनीला, तो पाण्याहूनही हलका. पण शनी सिलॅबसमध्ये पुढच्या धड्यात होता आणि रात्री दहाला खडक आणायचे कुठून?

"आणि सगळे प्रमाणात हवेत," तिनं सांगून टाकलं.

पृथ्वी १० सेंटीमीटरची धरली तर शुक्र साडेनऊ, मंगळ ५.३ आणि बुध ३.८. सोपं होतं. पृथ्वी मी पट्टीनं मोजून घेतली आणि मंगळ पिशवीवरचा '५' हा आकडा बघून. तो आकडा इंचातला होता. शेजारी शेजारी ठेवल्यावर मंगळ पृथ्वीच्या थोरल्या भावासारखा दिसायला लागला.

"एवढं साधं माप चुकतं?" बायको म्हणाली.

मी तिला सांगितलं की १९९९ साली मंगळाकडे गेलेलं नासाचं एक यान याच कारणानं हातचं गेलं. एक चमू पौंडात आकडे देत होता, दुसरा ते मेट्रिक समजून वापरत होता. यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं आणि संपलं. त्या मानानं माझं नुकसान एका गोळ्याचं. यावर ती काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं मला चांगलं वाचता येतं.

मग अंतरांची पाळी. तीही प्रमाणात. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि पाच मिनिटांनी बसल्या जागी खचलो. पृथ्वी १० सेंटीमीटर, तर सूर्य जवळजवळ अकरा मीटर, म्हणजे आमची तीन मजली इमारत. बुध तिथून साडेचारशे मीटरवर. शुक्र साडेआठशेवर. पृथ्वी एक किलोमीटर १७० मीटरवर आणि मंगळ पावणेदोन किलोमीटरवर.

"मंगळ मी ऑफिसला जाताना वाटेत ठेवते," बायको म्हणाली.

उलट बाजूनंही हिशेब करून पाहिला. साठ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर सूर्यापासून मंगळापर्यंत सगळं बसवायचं, तर सूर्य चार मिलिमीटरचाही भरत नाही आणि पृथ्वी मिलिमीटरच्या तीन शतांश, केसाहून बारीक. "मग दिसणार कशी?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, दिसणार नाही, नुसतं लेबल लावू. हा प्रस्ताव एकमतानं फेटाळला गेला. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह बसच्या रांगेत उभे असल्यासारखे खेटून का असतात, याचा उलगडा मला चाळिशी उलटल्यावर झाला.

अंतरं सोडून दिली. रंगाला लागलो.

पृथ्वी सगळ्यात आधी आटपली. निळा, हिरवा, थोडा पांढरा. हात आपोआप चालतो. रंगवून खिडकीत वाळत ठेवली आणि विसरलो.

बुधासाठी राखाडी वॉटरकलर सापडेना, स्प्रे पेंटचा डबा सापडला. ज्यांना माहीत आहे ते आताच हसले असतील. मला माहीत नव्हतं. फुस्स केल्याबरोबर गोळ्यातून बारीक चुरचुर आवाज आला आणि थर्मोकोल डोळ्यांदेखत आत बसू लागला. स्प्रेमधलं द्रावण त्याला खातं. आधी टाचणीएवढे खड्डे, मग ते पसरत एकमेकांत मिसळले, त्यांच्या कडा वितळून गुळगुळीत उंचवटे झाले. एका बाजूला मी जरा जास्त वेळ धरला होता, तिथं तर गोळ्याच्या तिसरा हिस्सा रुंदीचा खळगा पडला. मी डबा टाकून कपाळाला हात लावला. त्यामुळे कपाळही राखाडी झालं.

"बाबा! विवरं!" लेक किंचाळली. "ही कशी केलीस?"

पुस्तकातला फोटो शेजारी धरला. हुबेहूब! हवा जवळपास नाहीच, त्यामुळे झीज नाही, म्हणून बुधानं कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मारही चेहऱ्यावर जपून ठेवलेत. आणि माझा तो मोठा खळगा? त्याचं नाव कॅलोरिस, व्यास सुमारे १५५० किलोमीटर. ४८७९ किलोमीटरच्या ग्रहावर म्हणजे जवळपास तिसरा हिस्साच. "अंदाज घेऊन केलं," मी म्हणालो. बापाला अशी संधी वर्षातून एकदाच मिळते.

ती टिकली चार मिनिटं. सूर्याला सगळ्यात जवळ म्हणून बुध सगळ्यात तापलेला, असं मी ठासून सांगितलं. "नाही," लेक म्हणाली, "शुक्र." बुध दिवसा ४३० अंशांवर जातो, पण अंगावर पांघरूण नसल्यानं रात्री उणे १८० पर्यंत गार पडतो. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधी पोचत नाही तिथं तर चक्क बर्फ आहे. शुक्र दुप्पट लांब, पण कार्बन डायॉक्साइडच्या गोधड्या घेऊन बसलेला. रात्रंदिवस ४६५ अंश. आत शिरलेली उष्णता बाहेर पडूच देत नाही. वर गंधकाम्लाचे ढग, आणि जमिनीवर हवेचा दाब आपल्या नव्वदपटीहून जास्त.

पुस्तकात तो नारिंगी होता. मी सांगितलं की तो रंग रडारच्या चित्रावर नंतर चढवलेला. नुसत्या डोळ्यांना ढगच दिसतात, फिकट पिवळसर पांढरे. हे मात्र मला खरंच माहीत होतं. फिकट पिवळसर पांढरा दिला, गोळा टेबलावर ठेवला आणि उचलायला गेलो तर तो डिंकाच्या ट्यूबचं टोपण बुडाला चिकटवूनच वर आला.

माझी बाजू इथेही भक्कम होती. १९८२ मध्ये शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा १४ नं कॅमेऱ्याचं टोपण उडवलं. जमीन किती दाबली जाते ते मोजायला एक दांडा खाली आला, तो नेमका त्या टोपणावर. एवढ्या लांब जाऊन यानानं टोपण किती दाबलं जातं ते मोजलं. हे ऐकून लेक इतकी हसली की शुक्र तिच्या हातून पुन्हा पडला. या वेळी दुसऱ्या बाजूवर.

मंगळ मी मनापासून केला. गंजाचा तांबडा रंग, कारण तो खरोखर गंजच आहे, लोहाच्या ऑक्साइडची धूळ. आणि त्यावर पुट्टीचा ऑलिम्पस मॉन्स, सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ज्वालामुखी. चांगला एक सेंटीमीटर उंच, माथ्यावर काडीनं मुखही कोरलं. लेकीनं कॅल्क्युलेटर ओढला.

"डोंगर किती किलोमीटर?"

"बावीस."

"हा तुझा पावणेतेराशे किलोमीटर आहे."

खरी उंची किती यायला हवी? ०.१७ मिलिमीटर. म्हणजे माझी अर्ध्या तासाची कारागिरी खरवडून तिथं रंगाचे दोन जादा हात मारले की झाला सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ज्वालामुखी. मारले. तोवर दीड वाजला होता आणि ते जादा हात वाळायचं नाव घेत नव्हते.

तेव्हा कळलं, माझं भांडण ग्रहांशी नव्हतंच. 'उद्या' या शब्दाशी होतं. बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. तिथं "उद्या द्या" म्हणणाऱ्या बाईंना मी फुलं पाठवली असती. शुक्रावर ११७ दिवस. शिवाय तो स्वतःभोवती उलटा आणि इतका रमतगमत फिरतो की एका फेरीला २४३ दिवस, वर्ष मात्र २२५ दिवसांतच संपतं. मंगळाचा दिवस आपल्याहून फक्त साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा. रोव्हर चालवणारी मंडळी सुरुवातीचे काही महिने त्याच घड्याळावर जगतात, रोज कामावर आदल्या दिवशीपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. मला तेवढीही चालली असती.

सकाळी बसचा हॉर्न वाजला तेव्हा मंगळ ओलाच होता. लेकीनं बुध आणि शुक्र पिशवीत टाकले, मंगळाला टूथपिक खुपसली आणि खिडकीजवळ बसून तो बाहेर वाऱ्यावर धरला. मी गॅलरीत उभा. आमची इमारत सूर्य धरली तर... बस कोपऱ्यावर पोचली, बुधाची जागा. पुढचा सिग्नल, साधारण शुक्र. मंगळालाही त्याची जागा पावणेदोन किलोमीटरवर मिळेल, असा विचार करत समाधानानं आत वळलो.

खिडकीत पृथ्वी वाळत होती.