‘३६० मागितलं, २०० गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रार अशी, की ३६० जूलचं (जूल म्हणजे शॉकच्या ऊर्जेचं माप) डिफिब, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, मागितलं असताना आम्ही २०० जूलचं ‘कमी ताकदीचं’ मशीन दिलं, एएफचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) पेशंट पहिल्या शॉकला रिव्हर्ट झाला नाही, म्हणजे नेहमीच्या लयीवर आला नाही, आणि दुसऱ्या शॉकच्या वेळी सिंक (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवून देणारा मोड) आपोआप बंद झालं होतं.

आधी सिंकचं, कारण ती चूक सरळ आमची आहे. हे मशीन प्रत्येक सिंक शॉकनंतर आपणहून साध्या मोडवर येतं. शॉकनंतर व्हीएफ (हृदयाची जीवघेणी थरथर) झालंच, तर पुढचा शॉक आर वेव्हसाठी (ईसीजीवरचं ठोक्याचं टोक) अडून राहू नये म्हणून कंपनीने तसं ठेवलंय. तुमचं जुनं मशीन सिंकमध्येच राहायचं, त्यामुळे हात त्याच सवयीचे. डेमोला आलेल्या आमच्या इंजिनिअरने बॅटरी आणि पेपर रोल दाखवला, सही घेतली आणि निघाला. सिंक चालू असताना दिसणाऱ्या आर वेव्हवरच्या खुणा गायब आहेत हे सिस्टरांच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं. टी वेव्हवर, म्हणजे ठोक्यानंतरच्या ज्या क्षणी शॉकनेच व्हीएफ होऊ शकतं तिथे, शॉक पडला असता तर काय झालं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मनापासून माफी मागतो.

‘कमी ताकदीचं’ हे मात्र मान्य नाही. जुनं मशीन मोनोफेजिक (करंट एकाच दिशेने) होतं, हे बायफेजिक (करंट आधी एका दिशेने, मग उलट) आहे. दोघांचे जूल एका मापाने मोजून चालत नाही. २००० साली एएफच्या पेशंटवर हीच तुलना झाली. रेक्टिलिनिअर (करंट जवळपास सपाट ठेवणारं) बायफेजिक ७० पासून १७० जूलपर्यंत, मोनोफेजिक १०० पासून ३६० पर्यंत. यश ९४ टक्के विरुद्ध ७९. तुम्हाला दिलेलं मशीन याच रेक्टिलिनिअर जातीचं आहे. छातीचा रोध जास्त असला तरी करंट फारसा कमी होऊ देत नाही, हीच त्याची खासियत.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०२० च्या डॅनिश अभ्यासात बायफेजिकमध्येच थेट ३६० देणं हे १२५-१५०-२०० असं चढत जाण्यापेक्षा सरस ठरलं: ८८ टक्के विरुद्ध ६६. पण तिथे दोन्हीकडे वेव्हफॉर्म (शॉकच्या करंटचा आकार) ट्रंकेटेड एक्स्पोनेन्शिअल, म्हणजे वेगळ्या जातीचा, होता, या मशीनचा नव्हे. त्यातून घेण्यासारखं एवढंच, की सुरुवात खालून करू नये. रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोतल्या ईसीजी पट्टीवर तुमचा पहिला शॉक १०० चा दिसतोय. एनर्जी ठरवणं तुमचं काम, त्यात आम्ही बोलणार नाही. पण या मशीनवर थेट २०० देता येतात, हेही डेमोत सांगायला हवं होतं. फोनवर ‘सेमच आहे सर’ म्हणून विषय मिटवला, तो मीच.

गुरुवारी सकाळी सीनिअर इंजिनिअर येईल. सिंक चालूच राहील असं सेटिंग करून देईल, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनाही दाखवून मगच निघेल. तरीही ३६० चं बायफेजिकच हवं असेल, तर हे परत घेऊन ते देतो. किमतीतला फरक तेवढा पडेल, वापराचे पैसे कापणार नाही.