सूर मुलाचा की बाईंचा?

लॅम्डा किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या पद्य-गद्य सादरीकरणाच्या परीक्षेला मुलं बसवणाऱ्या पालकांशी आणि शिक्षकांशी मला जरा भांडायचंय. शब्द पाठ करून घ्या, पण सूर पाठ करून घेऊ नका.

‘इथे आवाज चढव, इथे थांब, आकाश म्हटलं की हात वर.’ मूल ते हुबेहूब करतं, घरचे खूश. मग परीक्षक साधंच विचारतात, हा माणूस इथे चिडलाय का? मूल आईकडे बघायला मान वळवतं, आणि आई असते दाराबाहेर! लॅम्डाच्या परीक्षेत निवडलेल्या कविता-उताऱ्यांवर प्रश्न विचारतात आणि त्यांनाही गुण असतात, हे क्लासच्या गडबडीत विसरलं जातं. या परीक्षांची सहावी ते आठवी ग्रेड पास झाली की ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशासाठी यूकासचे (तिथले प्रवेशअर्ज हाताळणाऱ्या संस्थेचे) गुण मिळतात, त्यामुळे मोठ्या मुलांच्या घरी तर घाई विचारूच नका.

कवितेत घोळ होतो तो ओळीच्या टोकाला. ओळ संपली की मूल थांबतं, मग वाक्य अर्धवट का असेना. अर्थ पुढच्या ओळीत जात असेल तर तिथे श्वास घ्यायचा नसतो. शेवटचा शब्द किंचित रेंगाळू द्यायचा आणि पुढे जायचं. यासाठी कविता परिच्छेदासारखी सलग लिहून काढायची, अर्थाने वाचायची आणि मग परत ओळींकडे यायचं. यमकावर जोर देणं तर बंदच करा. ते आपोआप ऐकू येतं.

गद्य मात्र खरं अवघड, आणि तयारी त्याचीच कमी होते. लय सांभाळून घ्यायला नसते. लांब वाक्यात दम संपतो आणि शेवटचे शब्द गिळले जातात. मराठीत तर क्रियापदच तिथे असतं. इंग्रजीतही महत्त्वाची गोष्ट बरेचदा शेवटाकडेच येते. त्यावर उपाय घसा ताणण्याचा नाही. श्वास कुठे घ्यायचा ते अर्थ पाहून आधीच ठरवायचं. संवाद आले की प्रत्येक पात्राला वेगळा किनरा आवाज द्यायची हौस असते (ती बहुतेकदा आपलीच). नजरेची दिशा आणि वेग थोडा बदलला तरी पात्र कळतं.

आणि उतारा मुलालाच निवडू द्या. पाच-सहा समोर ठेवा, मोठ्याने वाचायला सांगा, आणि वाचताना तो कुठे स्वतःहून हसतो किंवा अडखळतो तेवढं बघा.