‘बिरादरीची पाठराखण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. लोकांनी वाचावी म्हणून तशीच ठेवली आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अणुभट्टीतल्या दोन वेगळ्या धातूंच्या वेल्डला तडे जातात, त्याचं खापर मी भरण-धातूवर (जोडात वितळवून भरतात त्या धातूवर) फोडलं; अमेरिकेतल्या व्ही. सी. समर अणुवीजकेंद्रात वेल्डची दुरुस्ती नडली ते गाळलं, जड पाण्याच्या भट्ट्या सोडल्या, तापमान चुकवलं. आणि शेवटी, "लेखक बॉयलरचा वेल्डर, म्हणून ही बिरादरीची पाठराखण."

तापमानाचं मान्य. प्रेशरायझर (भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणारी टाकी) ३४५ अंश सेल्सियसच्या आसपास, हॉट लेग (भट्टीतून तापलेलं पाणी बाहेर नेणारा पाइप) ३२० च्या. मी दोन्हीला एकच आकडा दिला होता, बदलला. आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ.

मी भुसावळचा. आयटीआयनंतर सगळी उमर हाय प्रेशर जॉइंटवर गेली. आर्गन वायूखाली तळाचा पहिला थर म्हणजे रूट, वर रॉडचं फिलिंग, तेही खानदेशातल्या मे महिन्यात, प्रीहीट केलेल्या पाइपाला चिकटून. तिरक्या पाइपावरची सिक्स-जी टेस्ट दिली, आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) सर्टिफिकेट घेतलं. केलेल्या जॉइंटशेजारी वेल्डरचा नंबर पंच होतो, आणि एक्स-रेत काही दिसलं की आधी तो नंबर शोधतात. एका वीजकेंद्रात स्टेनलेस आणि क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या स्टीलच्या) नळीचा जॉइंट कैक वर्षं चालून फुटला. चौकशीत पहिलं नाव वेल्डरचं. क्रीपनं, म्हणजे उष्णतेत ताणाखाली धातू हळूहळू सरकत गेल्यानं, फ्यूजन लाइन (वेल्ड आणि नळी यांची सीमा) उघडली, असा मेटलर्जीचा अहवाल नंतर आला, तोवर माणसाचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो माणूस मीच. तेव्हा ‘बिरादरी’ हा शब्द जरा जपून वापरा भो.

बॉयलरमध्ये क्रीप, अणुभट्टीत स्ट्रेस करोजन, म्हणजे ताण आणि गरम पाणी मिळून धातूला तडे. दोन्ही एक नव्हेत हे मलाही कळतं. भट्टीच्या नॉझलचं (पाइप जोडायच्या तोंडाचं) लो-अलॉय स्टील तापल्यावर कमी प्रसरण पावतं, त्याला जोडलेला स्टेनलेसचा आखूड तुकडा, म्हणजे सेफ-एंड, जास्त. म्हणून मध्ये निकेलचा अलॉय ८२ किंवा १८२ भरायचे. १८२ म्हणजे रॉड, ८२ म्हणजे तार. १८२ मध्ये क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास, आणि भट्टीच्या गाभ्यातून फिरणाऱ्या गरम प्राथमिक पाण्यात ते पुरत नाही. ही निवड कोणाची? वेल्डरची? फ्रान्समध्ये कोरिऊ आणि सहकाऱ्यांनी १९५९ सालीच दाखवलं होतं, की याच घराण्यातला अलॉय ६०० साडेतीनशे अंशांच्या शुद्ध पाण्यात तडकतो. तरी तो वापरला गेला. पुढे ज्याच्याकडे वळले त्या ५२ आणि १५२ मध्ये क्रोमियम ३० टक्क्यांच्या घरात आहे. दोष नुसता हाताचा असता तर भरण-धातू कशाला बदलला असता?

राहिलं समर. ऑक्टोबर २००० मध्ये तिथे हॉट लेगच्या नॉझलपाशी गळलेल्या पाण्यातल्या बोरिक अॅसिडचे पांढरे थर सापडले, २०० पौंडांहून जास्त. वेल्डला आरपार तडा होता. बांधकामाच्या वेळी तो जॉइंट खणून पुन्हा भरला होता, त्यानं आत ओढीचा ताण साचला, हे खरं. मी गाळलं कारण लेख लांबत होता. पण दुरुस्ती करायचं वेल्डर ठरवत नाही. कागद वरून येतो, तपासणारा वेगळा, पास करणारा तिसरा. भट्टी १९८४ पासून चालू होती. इतकी वर्षं टिकलेल्या जॉइंटला ‘हलगर्जी काम’ म्हणायला फार मोठी छाती लागते, किंवा ग्राइंडर कधीच हातात धरलेला नसावा लागतो.

हा शेवटचा टोमणा तुम्हाला लागेल. लागू द्या.

जड पाण्याच्या भट्ट्यांचं म्हणाल तर लेखाच्या शीर्षकातच ‘दाबित हलक्या पाण्याच्या’ असं लिहिलं आहे. शीर्षक न वाचता तुम्ही साडेतीनशे शब्द लिहिलेत, त्याचं कौतुक वाटतं.

वेल्ड ओव्हरलेबद्दलचा (जुन्या जोडावर वरून नवा थर चढवण्याबद्दलचा) तुमचा प्रश्न चांगला आहे, पण आज त्यात शिरत नाही. आधी ‘बिरादरी’ मागे घ्या, मग विचारा.